ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल घरी बदलायचं तर

ज्याला इंजिन ऑइल बदलता येतं त्याला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल काढताही येतं. खाली ट्रे ठेवायचा, नट सोडायचा, झालं. अवघड असतं ते पुन्हा नेमकं भरणं. आजच्या बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांना गिअरबॉक्सची डिपस्टिक नसते. तेल बरोबर भरलंय की नाही, हे ठरावीक तापमानाला, इंजिन चालू ठेवून, एका छोट्या प्लगमधून तेल ओघळतं का यावरून ओळखायचं असतं. म्हणून काढलेलं तेल मापणं, भरलेलं मापणं आणि तापमान पाहणं या तीन गोष्टी जमणार असतील तरच हे काम घरी करावं. पाने फिरवण्याचा भाग त्यामानाने सोपा आहे.

हा लेख ह्युंदाई-किआच्या ६ गतींच्या, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या गिअरबॉक्सबद्दल आहे. भारतात तो क्रेटा, वेर्ना, एलांट्रा, सेल्टॉस, सॉनेट अशा बऱ्याच गाड्यांत आलेला आहे. इतर गाड्यांचे फरक पुढे थोडक्यात दिले आहेत.

आधी ओळखा, गाडीत काय आहे

गाडीवर ‘ऑटोमॅटिक’ लिहिलंय एवढ्यावर तेल विकत घेऊ नका. २०१९ मध्ये सेल्टॉस आली तेव्हा एकाच मॉडेलमध्ये तीन वेगळ्या जातीचे ऑटोमॅटिक होते: डिझेलला ६ गतींचा टॉर्क कन्व्हर्टर, साध्या पेट्रोलला आयव्हीटी म्हणजे सीव्हीटीचाच (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा) प्रकार, आणि टर्बो पेट्रोलला ७ गतींचा ड्युअल क्लच (डीसीटी). २०२० च्या क्रेटाचंही तसंच. तिघांची तेलं वेगळी आहेत आणि एकाचं दुसऱ्यात चालत नाही. टॉर्क कन्व्हर्टरला ‘एसपी-४’ लागतं (डब्यावर रोमन आकड्यात चार असतो), आयव्हीटीला कंपनीचं सीव्हीटी तेल, आणि कोरड्या क्लचच्या डीसीटीला मॅन्युअलसारखं गिअर ऑइल. सीव्हीटीत साधं एटीएफ, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकचं तेल, ओतलं तर पट्टा आणि पुली यांच्यात जे घर्षण हवं ते मिळत नाही. पट्टा घसरून पुलीवर ओरखडे पडतात आणि गिअरबॉक्स हातचा जातो.

मारुतीची एजीएस किंवा इतर कुठलीही एएमटी असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. त्यात मॅन्युअलचंच गिअर ऑइल असतं.

एसपी-३ आणि एसपी-४ हाही नेहमीचा घोटाळा. जुन्या आय-१० सारख्या ४ गतींच्या ऑटोमॅटिकला एसपी-३ लागतं. ६ गतींच्या गिअरबॉक्सचं एसपी-४ त्याहून पातळ असतं आणि त्यातली घर्षण नियंत्रित करणारी रसायनंही वेगळी. ‘वरचा नंबर म्हणजे चांगलं’ किंवा ‘जुनं तेल स्वस्त, तेच टाकू’ हे दोन्ही हिशेब इथे चुकतात. गाडीच्या मॅन्युअलच्या शेवटी वंगणांचा तक्ता असतो. त्यात तेलाचं नाव आणि गिअरबॉक्सची एकूण क्षमता दोन्ही दिलेलं असतं, ते बघूनच खरेदी करा.

कधी बदलायचं

मॅन्युअलमध्ये सर्व्हिसचे दोन तक्ते असतात. साध्या वापराच्या तक्त्यात ऑटोमॅटिकच्या तेलापुढे बरेचदा ‘तपासणीची गरज नाही’ असं असतं आणि शोरूमचा सल्लागार तेवढंच वाचून दाखवतो. पण पुढच्या पानावर कठीण वापराचा तक्ता असतो आणि त्यात तेल बदलायचा आकडा दिलेला असतो. कठीण वापर म्हणजे काय याची यादी वाचली तर गर्दीतलं थांबत-चालत ड्रायव्हिंग, ३२ अंशांवरची उष्णता, धूळ, डोंगराळ रस्ते असं सगळं त्यात सापडतं. हिंजवडीला रोज जाणारी गाडी, घोडबंदर रोडवरची गाडी, नागपूरच्या मे महिन्यातली गाडी, या सगळ्या त्या यादीत बसतात. आमच्या मते शहरात चालणाऱ्या गाडीला ६०,००० किलोमीटरला पहिला बदल योग्य. बहुतांश हायवेवर चालणाऱ्या गाडीला ८०-९० हजारांपर्यंत थांबलं तरी बिघडत नाही.

रंगावरून निर्णय घेऊ नका. नवं एसपी-४ लाल असतं आणि काही हजार किलोमीटरमध्येच ते तपकिरीकडे झुकायला लागतं, ते साहजिक आहे. वास मात्र महत्त्वाचा. जळकट वास आला तर क्लचच्या प्लेटा तापल्या आहेत. आणि तेल दुधाळ गुलाबी, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट शिरलंय. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो आणि तो आतून फुटला की असं होतं. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली आणि गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून (हवा आत-बाहेर जायच्या नळीतून) पाणी आत गेलं तरी हेच दिसतं. अशा वेळी गाडी चालू न करता टो करून न्या, घरच्या बदलाने ते निस्तरत नाही.

गाडी आधीच गिअर घसरवत असेल, म्हणजे इंजिनचे फेरे वाढतात पण गाडी ओढत नाही, तर नवं तेल हा इलाज नाही. ‘तेल बदललं आणि गिअरबॉक्स गेला’ अशा ज्या गोष्टी ऐकू येतात त्यातले बरेच गिअरबॉक्स तेल बदलायच्या आधीच गेलेले असतात. आधी स्कॅनरवर बिघाडाचे कोड काढून घ्या, मग तेलाचं ठरवा.

गाडी वॉरंटीत असेल तर घरी हात लावू नका.

किती तेल घ्यायचं

या गिअरबॉक्समध्ये मॉडेलनुसार एकूण सात लिटरच्या आसपास तेल असतं. ड्रेन प्लग (तेल सोडायचा तळाचा नट) उघडल्यावर त्यातलं साधारण साडेतीन ते चार लिटर बाहेर पडतं. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, कूलरमध्ये आणि आतल्या वाटांत राहतं. ते गुरुत्वाकर्षणाने येत नाही.

म्हणून एकदा बदललं की सगळं तेल नवं झालं असं होत नाही. एकूण ७ लिटर आणि दर वेळी ३.८ लिटर निघतं असं धरलं तर पहिल्या बदलानंतर आत सुमारे ५४ टक्के नवं तेल असतं, दुसऱ्यानंतर ७९ आणि तिसऱ्यानंतर ९०. तिसऱ्या खेपेला जवळजवळ चार लिटर नवं तेल ओतून अकरा टक्क्यांचा फायदा मिळतो, तो खर्च आम्हाला पटत नाही. दोनदा बदला, मध्ये ५०० ते १,००० किलोमीटर गाडी चालवा. त्यासाठी नऊ लिटर तेल लागेल. एकदाच बदलणार असाल तर पाच लिटर. तेल उरलं तर चालतं, कमी पडलं तर गाडी स्टँडवर आणि तुम्ही रिक्षाने दुकानात.

मशीन लावून सगळं तेल एका दमात बदलून देणारेही आहेत. यंत्र बरं असेल आणि चालवणाऱ्याला कळत असेल तर पद्धत वाईट नाही. पण आदल्या गाडीचं वेगळं तेल नळ्यांत उरलेलं असतं, आणि शेवटी पातळी तापमान पाहून लावतातच असं नाही. हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय गाडी देऊ नका.

तेल कंपनीच्या अधिकृत पार्ट्सच्या दुकानातून घ्या, ह्युंदाई-किआसाठी मोबिसचं. दुसऱ्या चांगल्या कंपनीचं बहुउपयोगी तेल घेत असाल तर डब्यामागच्या यादीत एसपी-४ नावानिशी छापलेलं हवं. ‘सर्व ऑटोमॅटिकसाठी’ एवढंच लिहिलेलं परत ठेवा. डब्याचं सील बघा, नकली वंगणाचा धंदा मोठा आहे.

ड्रेन प्लग आणि लेव्हल प्लग (पातळी तपासायचा छोटा प्लग) यांसाठी नवे वायसर लागतील. हे वायसर एकदा दाबले की चपटे होतात, पुन्हा वापरले तर तिथूनच तेल पाझरतं. फिल्टर मात्र मागू नका. या गिअरबॉक्सचा फिल्टर आत असतो आणि तो काढायला गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागतो. तळाचा पत्रा काढून फिल्टर बदलण्याचे जे व्हिडिओ दिसतात ते दुसऱ्या गिअरबॉक्सचे आहेत.

हत्यारं

सॉकेटचा सेट आणि लांब दांड्याचा रॅचेट. प्लगचे माप गिअरबॉक्सप्रमाणे बदलते म्हणून १७, १९, २२ आणि २४ मिलिमीटरचे सॉकेट हाताशी असू द्या, सहा बाजूंचे. बारा बाजूंचा सॉकेट घट्ट बसलेल्या नटाचे कोपरे खातो. टॉर्क रेंच हवाच. इथे अंदाजाने आवळणं नको, कारण गिअरबॉक्सचं आवरण ॲल्युमिनियमचं आहे आणि त्यातले आटे गेले की भुर्दंड मोठा.

सहा लिटरचा ट्रे, लिटरच्या खुणा असलेलं भांडं, लांब नरसाळं, आणि दहा-बारा मिलिमीटर आतल्या व्यासाची दीड मीटर पारदर्शक नळी. रबरी हातमोजे. धागे न सुटणारं कापड किंवा टिश्यू. गॅरेजमध्ये वापरतात ती कापसाची चिंधी इथे नको, तिचा एखादा धागा व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाचा दाब हवा तिकडे वळवणाऱ्या भागात) गेला तर सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपेच्या, जाळीत अडकतो.

तापमान बघायला ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी पोर्टला जोडायचं छोटं यंत्र) आणि मोबाइलवरचं ॲप. सगळ्यात स्वस्त डोंगल इंजिनचं तापमान दाखवतात पण गिअरबॉक्सचं दाखवत नाहीत, ते आधीच जोडून खात्री करून घ्या. इन्फ्रारेड बंदूक गिअरबॉक्सच्या बाहेरच्या धातूचं तापमान दाखवते आणि ते आतल्या तेलापेक्षा काही अंशांनी कमी असतं. दुसरं काहीच नसेल तरच ती.

सगळ्यात उपयोगी हत्यार मात्र स्वयंपाकघरातला वजनकाटा. तेल गरम असताना फुगतं, थंड झालं की आक्रसतं, म्हणून लिटरमध्ये मापताना गरम जुनं आणि गार नवं यांत फरक पडतो. वजन तापमानाने बदलत नाही. ट्रेचं रिकामं वजन आधी लिहून ठेवा, जुनं तेल जितकं भरेल तितक्याच वजनाचं नवं भरा. चार लिटर तेल साधारण ३.४ किलो भरतं.

गाडी उचलणं

गाडी चारही बाजूंनी सारखी उचललेली हवी. फक्त पुढची चाकं रॅम्पवर चढवली तर गिअरबॉक्स कलतो, आतलं तेल मागे सरकतं आणि पातळी खोटी दिसते. चार घोड्यांवर (जॅक स्टँडवर) गाडी, दोन टनांच्या किंवा जास्त क्षमतेच्या, सपाट काँक्रीटवर. पेव्हर ब्लॉक दबतात, मातीवर तर विचारही नको. बॉनेटवर किंवा दाराच्या खालच्या पट्टीवर पाणपातळी (स्पिरिट लेव्हल) ठेवून चारही कोपरे पाहा. जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, मिनिटभरासाठीसुद्धा नाही.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये एवढं जमत नसेल तर सरळ ओळखीच्या वॉशिंग सेंटरचा हायड्रॉलिक रॅम्प तासाभरासाठी भाड्याने घ्या. काम तुमचंच राहतं आणि गाडी समतल मिळते. बंदिस्त गॅरेजमध्ये हे काम करू नका, पुढे इंजिन बराच वेळ चालू ठेवावं लागणार आहे आणि धुराने माणूस कळायच्या आत बेशुद्ध होतो.

तेल काढणं

पाच-दहा मिनिटं गाडी चालवून आणा. तेल कोमट झालं की पातळ होतं आणि गाळ त्याच्याबरोबर वाहतो. हायवेवरून आल्या आल्या मात्र काढू नका, तेव्हा तेल ८०-९० अंशांवर असतं आणि हात भाजतो.

ड्रेन प्लगला हात लावण्याआधी भरायचा बोल्ट सोडून बघा. तो गिअरबॉक्सच्या माथ्यावर असतो, हवेच्या नळीच्या आणि बॅटरीच्या खालच्या अंगाला. या गाड्यांत गिअरबॉक्स बॉनेटखाली प्रवाशाच्या बाजूला येतो. एअर फिल्टरची नळी, काही गाड्यांत अख्खा डबा, बाजूला करावा लागतो. बॅटरी काढावी लागत असेल तर ती परत बसवायला वेळ धरा, कारण पुढे इंजिन चालू करायचंय. हा बोल्ट निघतोय याची खात्री झाल्याशिवाय खालून तेल सोडलं आणि बोल्ट जाम निघाला, तर गाडी रिकाम्या गिअरबॉक्सनिशी जागच्या जागी अडकते.

मग खाली या. इथे सगळ्यात मोठी गफलत होते ती चुकीचा प्लग उघडण्याची. इंजिनच्या तेलाचा प्लग आणि गिअरबॉक्सचा प्लग जवळ असतात. गिअरबॉक्सचं आवरण कुठे सुरू होतं ते आधी नीट पाहून घ्या, प्लगवर मार्करने खूण करा. उघडल्यावर लालसर-तपकिरी, पाण्यासारखं पातळ तेल आलं तर बरोबर. काळं आलं तर लगेच बंद करा, ते इंजिन ऑइल आहे. गिअरबॉक्सच्या पुढच्या अंगाला बऱ्याच बोल्टांनी बसवलेलं मोठं झाकण दिसेल. ते व्हॉल्व्ह बॉडीचं झाकण, त्याच्या बोल्टांना हात लावायचा नाही. पातळी तपासायचा प्लग मात्र याच झाकणावर आहे, त्याची जागा आत्ताच बघून ठेवा.

प्लग निघाला की तेल जोरात येतं आणि मग धार बारीक होते. वीस-पंचवीस मिनिटं गळू द्या. तोवर प्लग बघा. टोकाशी चुंबक असेल तर त्यावर करडा-काळा गुळगुळीत लेप असतो, तो रोजच्या झिजेचा, टिश्यूने पुसून टाका. बोटांना टोचणारे चकचकीत तुकडे किंवा कड्या दिसल्या तर आतलं काहीतरी तुटतंय. त्याचे फोटो काढा, तेल भरून घ्या आणि गिअरबॉक्स उघडणाऱ्या कारागिराला दाखवा.

नवा वायसर घालून प्लग हाताने फिरवत बसवा, सुरुवातीचे तीन-चार फेरे हातानेच. मग टॉर्क रेंचने ३५ ते ४४ न्यूटन-मीटर. त्याहून जास्त आवळण्याची इच्छा होते, ती दाबा.

जुनं तेल ट्रेसकट वजन करा आणि आकडा कागदावर लिहा.

भरणं

नळी भरायच्या छिद्रात घाला, दुसऱ्या टोकाला नरसाळं, ते बॉनेटच्या काठाला तारेने बांधा. नळीचं टोक आणि नरसाळं आतून पुसून घ्या. पाव-पाव लिटर ओता. घाई केली तर आतली हवा उलट येते आणि तेल नरसाळ्यातून उसळतं.

जितकं निघालं तितकं भरा. मग ७०० मिलिलिटर जास्त घाला. हे चुकून लिहिलेलं नाही. कंपनीच्या तपासणी पद्धतीतच हे जादाचं तेल घालून मग योग्य तापमानाला लेव्हल प्लगमधून नको तेवढं बाहेर काढायचं असतं. कमी तेलावर पातळी बघायला गेलं तर काहीच ओघळत नाही आणि किती कमी आहे हेही कळत नाही.

भरायचा बोल्ट बसवा, एअर फिल्टरचा डबा आणि सेन्सरची पिन जोडा. पिन विसरली तर इंजिनचा पिवळा दिवा लागेल आणि तुम्ही गिअरबॉक्सला दोष देत बसाल.

पातळी लावणं, म्हणजे खरं काम

या गिअरबॉक्ससाठी तापमानाची खिडकी ५० ते ६० अंश सेल्सिअस आहे. एवढा आग्रह का? सात लिटर तेल ५० अंशांनी तापलं की सुमारे पाव लिटर फुगतं. ३० अंशांवर बघाल तर तेल आक्रसलेलं असेल, काहीच ओघळणार नाही, तुम्ही आणखी ओताल आणि हायवेवर ते जास्त होईल. ८० अंशांवर बघाल तर उलट, आवश्यक तेल बाहेर पडेल.

कमी तेलाचा परिणाम आधी दिसतो: पंप हवा ओढतो, दाब पडतो, गिअर लागायला उशीर होतो, क्लच घसरून जळतात. जास्त तेलाचा परिणाम लपून राहतो. फिरणारे भाग तेल घुसळतात, फेस होतो, फेसात हवा असते आणि हवा दाबली जाते, म्हणून दाब पुन्हा पडतोच. वर तापमान चढतं आणि श्वासनळीतून तेल बाहेर फेकलं जातं.

इथे दोन माणसं लागतात, आणि दोघांनी आधी ठरवून घ्यावं की गिअरचा दांडा हलत असताना गाडीखाली कुणी नसेल. गाडी हवेत आहे, पुढची चाकं मोकळी आहेत. डी मध्ये टाकताच ती फिरतील.

एकजण ड्रायव्हरच्या जागी. पाय ब्रेकवर घट्ट, हँडब्रेक ओढलेला. इंजिन चालू करा, एसी बंद. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबू नका, त्याने कन्व्हर्टरमधलं तेल भराभर तापतं आणि मोजमाप बिघडतं. ॲपवर तापमान ५० च्या जवळ आलं की दांडा पी वरून सावकाश आर, एन, डी असा आणा, प्रत्येक जागी दोन सेकंदांहून जास्त थांबा, तसाच परत पी ला न्या. हे आणखी एकदा. त्याने व्हॉल्व्ह बॉडीतल्या सगळ्या वाटा तेलाने भरतात. दांडा पी मध्ये, हँडब्रेक वर, इंजिन आयडलला चालूच.

आता दुसऱ्याने बाजूने हात घालून लेव्हल प्लग उघडायचा. चष्मा घाला, सायलेन्सरचा पाइप जवळच तापलेला असतो. खाली स्वच्छ भांडं ठेवा, हे तेल पुन्हा वापरता येतं.

जाड धार आली तर तेल जास्त आहे, वाहू द्या. धार बारीक होऊन सलग, सुतासारखी झाली की तीच बरोबर पातळी, प्लग बंद करा. थेंब थेंब होईपर्यंत थांबू नका. काहीच आलं नाही तर प्लग लावा, इंजिन बंद करा, अर्धा लिटर ओता आणि पी-डी-पी फेरी पुन्हा करा. तापमान ६० च्या पुढे गेलं तर घाईने उरकू नका, इंजिन बंद करून गिअरबॉक्स निवू द्या.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी हे काम काढलं तर तेल सुरुवातीलाच चाळिशीत असतं आणि ५० ते ६० ची खिडकी हातातून निसटते. पहाटे करा. महाबळेश्वरच्या डिसेंबरमध्ये उलटी तक्रार: आयडलवर ५० पर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तिथे गाडी उचलण्याआधी थोडी फिरवून आणणं बरं.

शेवटी हिशेब जुळवा. भरलेल्या तेलातून लेव्हल प्लगवाटे निघालेलं वजा करा. उत्तर जुन्या तेलाच्या वजनाजवळ, फार तर दोन-अडीचशे ग्रॅम इकडे तिकडे यायला हवं. किलोभराचा फरक असेल तर एकतर आधीच तेल कमी होतं आणि कुठेतरी गळती आहे, किंवा गाडी समतल नव्हती. दोन्ही शक्यता तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

लेव्हल प्लगलाही नवा वायसर आणि ड्रेन प्लगइतकाच टॉर्क. सगळं ब्रेक क्लीनरने पुसून कोरडं करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी नवी गळती लगेच दिसेल. सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा टाका. पाणी ओतलं तर ते अख्ख्या पार्किंगभर पसरेल.

चालवून बघताना

पहिले दहा-पंधरा किलोमीटर हलक्या पायाने. गिअर थोडे वेगळे पडल्यासारखे वाटतील, कारण कॉम्प्युटरने जुन्या तेलाच्या वागण्याप्रमाणे दाब ठरवून घेतलेले असतात. ते हळूहळू जमतात. स्कॅनर असेल तर शिकलेली मूल्यं शून्यावर आणता येतात, पण नुसत्या तेलबदलासाठी त्याची निकड नसते.

सकाळी थंड गाडी आर मध्ये टाकल्यावर एक-दोन सेकंद काहीच होत नसेल किंवा पंपाचा बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल तर तेल कमी आहे. लांबच्या प्रवासानंतर गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला तेलाचा ओलसरपणा दिसला तर जास्त आहे. दोन्ही वेळा पातळी पुन्हा लावायची.

दुसऱ्या गाड्या

फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) गाड्यांमधल्या ६ गतींच्या टॉर्क कन्व्हर्टरचीही तपासणी ओघळ पाहूनच होते, पण खिडकी ३५ ते ४५ अंशांची आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती फारच अरुंद. त्यांच्या ७ गतींच्या कोरड्या डीएसजीत (त्यांच्या ड्युअल क्लचमध्ये) गिअरचं तेल वेगळं आणि मेकॅट्रॉनिकचं, म्हणजे गिअर बदलणाऱ्या नियंत्रण यंत्रणेचं, तेल वेगळं, ते घरी उघडू नये. टोयोटाच्या इनोव्हा क्रिस्टाला डब्ल्यूएस तेल लागतं, तापमानाची अट तिथेही आहे.

होंडा सिटीचा २००८ ते २०१३ काळातला ५ गतींचा ऑटोमॅटिक घरी बदलायला सगळ्यात सोपा: डिपस्टिक आहे, ड्रेन प्लगवर चुंबक आहे, एका वेळी अडीच लिटरच्या आसपास तेल निघतं. त्यात डीडब्ल्यू-१ तेल. फक्त डिपस्टिक बघायची रीत उलटी आहे, इंजिन तापवून बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांत बघायचं. नंतरच्या सिटीत सीव्हीटी आली, तिला एचसीएफ-२ लागतं.

जुन्या तेलाचं काय

वापरलेलं तेल धोकादायक कचऱ्यात मोडतं, २०१६ च्या केंद्रीय नियमांत त्याची नोंद आहे. गटारात किंवा झाडाखाली ओतायचं नाही. बांधकामावर सेंटरिंगच्या फळ्यांना चोपडायला किंवा वाळवीसाठी लाकडाला लावायला लोक ते मागतात, त्यांनाही देऊ नका. नवं तेल आलं त्याच डब्यांत भरा, वर ‘वापरलेलं एटीएफ’ असं लिहा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या रिसायकलरला तेल देणाऱ्या मोठ्या सर्व्हिस सेंटरवर नेऊन द्या. कूलंट किंवा ब्रेक ऑइल त्यात मिसळू नका, मिसळलेलं घ्यायला ते कां-कूं करतात.

गाडीच्या कप्प्यात एक कागद ठेवा: तारीख, किलोमीटर, तेलाचं नाव, निघालेलं वजन, भरलेलं वजन, पातळी लावताना तापमान. दुसरा बदल हजार किलोमीटरच्या आत येतोच आहे. तेव्हा सातशे मिलिलिटरची गोष्ट पुन्हा करावी लागेल, आणि निघालेलं वजन या खेपेशी ताडून बघता येईल.